इनामदारांच्या घरचे

दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, मराठी मंडळाच्या चिटणिसांवर अब्रूची फिर्याद केली तेव्हा मी जर्मनीत एर्लांगेनला अब्रूच्याच खटल्यांवर पीएच.डी. करत होते. घरात कुणालाच यात गंमत वाटली नाही. दाजी फोनवर एवढंच म्हणाले, "तुझा तर विषयच आहे हा. तू ये."

माझा विषय होता सतराव्या शतकातलं इंग्लंड. तिथं काही वर्षं एक असं न्यायालय चाललं, जिथं एखाद्या जंटलमनला कुणी घालूनपाडून बोललं तर त्याला दाद मागता यायची. जंटलमन म्हणजे नुसता सभ्य माणूस नव्हे. त्याच्यामागे घराणं लागायचं, कुळाचं चिन्ह लागायचं, आणि हाताने कष्ट न केलेल्या पिढ्या लागायच्या. "तू कसला जंटलमन, तुझा बाप तर शिंपी" एवढं बोलणं खटल्याला पुरायचं. पण गोम अशी होती, की फिर्यादीला आधी स्वतःचं जंटलमनपण सिद्ध करावं लागे. मग समोरचा त्याच्या गावाहून म्हातारे साक्षीदार आणायचा, आणि ते शपथेवर सांगायचे, याच्या आज्याला आम्ही नांगर हाकताना पाहिलंय. अब्रू वाचवायला गेलेल्या माणसाचं सगळं घर असं चव्हाट्यावर यायचं.

हे मी दाजींना सांगून पाहिलं.

"आपल्याकडं काय लपवण्यासारखं आहे?" ते म्हणाले.

मला तरी तसं काही माहीत नव्हतं. दाजींचं आडनाव इनामदार. जी पदवी, तेच आडनाव. आमच्या वडिलांनी ताईसाठी स्थळं बघायला घेतली तेव्हा मुलगा इंजिनिअर आहे, जर्मनीत नोकरी लागणार आहे, याच्याही आधी त्यांनी आईला सांगितलं होतं, "इनामदार आहेत." लग्नानंतर कित्येक वर्षं बाबा जावयाची ओळख करून देताना या शब्दावर थोडं थांबायचे. दाजींनाही ते आवडायचं. त्यांच्या घरी गणपती पालखीतून यायचा, आजोबांच्या हातात चांदीच्या मुठीची काठी असायची, अशा गोष्टी ते श्टुटगार्टच्या मित्रांमध्ये रंगवून सांगत. माणूस वाईट नव्हता. गेर्लिंगेनच्या ऑफिसात तो दिवसभर इंग्रजी आणि मोडक्या जर्मनमध्ये आपलं म्हणणं रेटायचा, बढतीच्या वेळी मागे राहायचा, आणि शनिवारी मराठी माणसांत आला की इनामदार व्हायचा.

दाजी श्टुटगार्टला लागून असलेल्या गेर्लिंगेनलाच राहत, आणि चिटणीसही त्याच गावात, दोन बसथांबे पलीकडे. तेही इंजिनिअर, दाजींच्याच वयाचे आणि मूळचे दाजींच्याच तालुक्यातले. दोघांची बरीच जुनी ओळख होती. ताईच्या बाळंतपणात डबे चिटणिसांच्या घरून आले होते.

घडलं ते गणपतीत. मंडळाने श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात एका क्रीडासंघाचा हॉल भाड्याने घेतला होता. मीही गेले होते. चिटणीस पहाटेपासून राबत होते. मखर त्यांनी लावलं, श्रीलंकन दुकानातून केळीची पानं त्यांनी आणली, आणि वर सूत्रसंचालनही त्यांच्याकडेच, म्हणून शर्टाच्या कॉलरला माइक अडकवलेला. नैवेद्याचं पान मांडताना त्यांनी ते उलटं मांडलं. पानाचं टोक ज्या बाजूला यायला हवं त्याच्या दुसऱ्या बाजूला आलं.

दाजी शेजारीच उभे होते. हसत हसत म्हणाले, "अहो, टोक कुठं येतं एवढंही माहीत नाही? असू दे, असू दे. घराण्यात या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. चिटणिसांनी पान फिरवून नीट ठेवलं, हात पुसले आणि सरळ होत म्हणाले, "इनामदारांच्या घरी पाणी भरणारे तुम्ही. आम्हाला कसलं घराणं शिकवता?"

आवाज चढवला नव्हता. पण माइक चालू होता. मागच्या रांगेत मुलांना सदरे घालणाऱ्या बायकांपर्यंत ते वाक्य स्पष्ट गेलं. कुणीतरी घाईने आरती सुरू केली, आणि दाजींनी ती सबंध आरती ताम्हन हातात धरून, एकही शब्द न म्हणता ऐकली.

परतताना गाडीत भाचीने विचारलं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, मराठी समजायचं, बोलायची मात्र जर्मन. "ते काका काय म्हणाले? सगळे पप्पांकडे का बघत होते?" तिला नुसते शब्द कळले होते. पाणी, भरणं, घर. त्यात बघण्यासारखं काय होतं ते कळलं नव्हतं. ताई खिडकीबाहेर बघत राहिली. दाजींनी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली. तिने पुन्हा विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात दाजी पोलिसांकडे गेले. जर्मनीत कुणाचा अपमान करणं हा गुन्हा आहे, बेलायडिगुंग म्हणतात. रस्त्यात गाडीतून कुणाला मधलं बोट दाखवलं तरी प्रकरण होऊ शकतं. सरकारी वकिलांनी कळवलं, की हे तुमचं आपसातलं भांडण आहे, हवं तर खासगी खटला करा. आणि दोघं एकाच गावचे असल्याने त्याआधी राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, समेटासाठी बसावं लागेल. दाजी त्याला तयार झाले. समेट व्हावा म्हणून नव्हे, खटल्याची वाट तिथून जात होती म्हणून.

समेटाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी पोचले. ताईने पोळ्या लाटता लाटता सांगितलं, बाबांचा रोज फोन येतो. 'सोडू नका त्याला' म्हणतात.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, यांना झोप लागत नाहीये." तिने पोळी उलटली. "अपमान झाला म्हणून माणूस चिडतो. हे चिडलेले नाहीत. घाबरलेत."

राटहाउसमधली खोली साधी होती, एक गोल टेबल, पाण्याची बाटली, भिंतीवर गावाचा जुना नकाशा. समेट घडवणाऱ्या बाई निवृत्तीला आलेल्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेल्या. त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. एका बाजूला दाजी आणि ताई बसले, समोर चिटणीस एकटेच. मला मध्ये बसवलं, कारण वाद ज्या वाक्याचा होता ते मराठी होतं आणि बाईंना ते जर्मनमध्ये हवं होतं.

"या फिर्यादींच्या नातेवाईक आहेत," बाई चिटणिसांना म्हणाल्या. "तुमची हरकत असेल तर दुसरा दुभाषी बघू."

चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. "चालेल," ते म्हणाले. "शिकलेली मुलगी आहे. खोटं सांगणार नाही."

त्यांनी मला बांधून टाकलं असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

बाईंनी पेन उचललं. "तर मग. काय म्हणाले ते?"

मी शब्दशः सांगितलं. इनामदार म्हणजे ज्यांना पूर्वी राजाकडून जमीन मिळाली अशी प्रतिष्ठित घराणी. फिर्यादींचं आडनाव तेच आहे. आणि हे म्हणाले, तुम्ही त्या घराण्यात पाणी भरणारे.

"पाणी भरणारे," बाईंनी लिहिलं. मग चष्म्यावरून पाहिलं. "आणि हा अपमान आहे?"

"आहे," दाजी म्हणाले.

"मला समजून घ्यायचंय. माझी आजी लोकांकडे कपडे धुवायची. कुणी ते बोललं तर मी म्हणेन, हो, धुवायची."

दाजींचे कान लाल झाले. मला आता गप्प राहता येईना, कारण माझं भाषांतर अर्धंच होतं. मी म्हणाले, "आमच्या भाषेत याचा दुसराही अर्थ होतो. एखाद्यापुढे पाणी भरणं म्हणजे त्याच्याहून कमी असणं, त्याची बरोबरी न करू शकणं. तो वाक्प्रचार आहे. त्यात खरंखुरं पाणी नसतं."

दाजींनी झटकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मराठीत, खालच्या आवाजात म्हणाले, "तू कुणाच्या बाजूनं बोलतेस?"

"जे आहे ते सांगतेय, दाजी."

बाईंना मात्र वाट सापडली होती. वाक्प्रचार असेल तर ही नुसती टोमण्याची गोष्ट ठरते, सणाच्या दिवशी दमलेल्या माणसाच्या तोंडून गेलेली. माफी मागायची, हात मिळवायचा, घरी जायचं. त्या चिटणिसांकडे वळल्या. "तुम्ही तो वाक्प्रचार म्हणून वापरला, बरोबर?"

चिटणिसांनी फक्त हो म्हणायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ताईही बघत होती. त्यांनी पाण्याचा ग्लास थोडा पुढे सरकवला, पुन्हा मागे घेतला.

"नाही," ते म्हणाले. "मी खरोखरच्या पाण्याबद्दल बोललो."

"म्हणजे?"

"ते इनामदार म्हणजे माझं आजोळ. माझी आई त्या घरातली. यांचे आजोबा आमच्या घरी पाणी भरायचे. माझ्या मामांनी डोळ्यांनी पाहिलंय. मामा आहेत अजून." त्यांनी खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "आत्ता लावतो फोन. यांनाच विचारू दे."

हे सगळं ते जर्मनमध्ये बोलले होते, त्यामुळे मला भाषांतर करायचं उरलं नाही. मी नुसती बसून राहिले. माझ्या कागदपत्रांतले ते साक्षीदार शंभरदा माझ्या नजरेखालून गेले होते, नांगर पाहिलेले, दुकान पाहिलेले, आणि मी त्यांची नावं निवांतपणे टिपून घेतली होती. साक्षीदार प्रत्यक्ष एका फोनच्या अंतरावर असतो तेव्हा खोलीत कसं वाटतं, याची मला कल्पना नव्हती.

"इतके दिवस ओळखता तुम्ही यांना," ताई अचानक मराठीत म्हणाली. "कधी बोलला नाहीत ते?"

"वहिनी, बोलायचं काय कारण होतं?" चिटणीस म्हणाले. "पालखीच्या गोष्टी ऐकून घेत होतोच ना. आमच्याच घरची पालखी होती ती. मी काही म्हणालो कधी?"

बाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी हात वर केला आणि दाजींना म्हणाल्या, "इथे साक्षी-पुरावे आपण तपासत नाही. ते कोर्टात होईल. तुम्हाला पुढे जायचं असेल तर मी समेट झाला नाही असं लिहून देते. मग कोर्ट हे खरं आहे का, असं विचारू शकतं. तुम्हाला पुढे जायचंय?"

दाजी नकाशाकडे बघत होते. जुना नकाशा, मध्ये चर्च, भोवती शेतं, प्रत्येक शेतावर मालकाचं नाव. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. बाहेर कुणीतरी कॉपी मशीन चालू केलं आणि त्याचा आवाज फार मोठा वाटला.

"मागे घेतो," ते म्हणाले.

"माफी हवीय तुम्हाला?"

"नको."

बाईंनी दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. चिटणिसांनी मोबाइल खिशात घातला. हात मिळवण्याची वेळ आली तेव्हा दोघांनीही आपापले कोट उचलले.

घरी जाताना गाडी दाजीच चालवत होते. ताई पुढे, मी मागे. वळणावर सिग्नल लागला तेव्हा ताईने विचारलं, "खरं आहे?"

"हो."

सिग्नल सुटला. दाजींनी थोडं पुढे जाऊन एका बेकरीसमोर गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. मग समोर बघत बोलायला लागले. मी त्यांना तोपर्यंत इतकं सलग, इतकं साधं बोलताना ऐकलं नव्हतं.

"आजोबांनी जन्मभर पाणी भरलं त्यांच्याकडं. खांद्यावर कावड असायची. माझ्या वडिलांना इनामदारांनीच शाळेत पाठवलं. मास्तरांनी विचारलं, कुणाचा रे तू? वडील म्हणाले, इनामदारांच्या घरचा. त्यांना म्हणायचं होतं, त्यांच्या घरी कामाला असतो. मास्तरांनी आडनाव इनामदार लिहिलं. कुणी दुरुस्त केलं नाही. पुढं वडील शहरात नोकरीला लागले, तिथं सगळे इनामदारसाहेब म्हणायला लागले."

"मग पालखी?" ताई म्हणाली.

"वडिलांनी बघितलेली. मला सांगायचे. गणपती असा यायचा, तसा यायचा. मी ती सांगताना 'त्यांच्या घरी'च्या जागी 'आमच्या घरी' म्हणायला लागलो." ते थांबले. "तुझ्या वडिलांसमोर पहिल्यांदा. कांदेपोह्यांच्या वेळी."

मला वाटलं, ती रडेल किंवा ओरडेल. ती दार उघडून उतरली आणि बेकरीत गेली. काचेतून ती रांगेत उभी दिसत होती. आम्ही दोघं गाडीत.

"तुला राग आलाय माझा?" दाजींनी आरशातून विचारलं.

"तुम्ही फिर्याद का केलीत, एवढं कळत नाही. तुम्हाला माहीत होतं की."

"केली नसती तर सगळ्यांना वाटलं असतं, खरंच असणार. गप्प बसलो तरी मेलो, बोललो तरी मेलो." त्यांनी हातांनी चेहरा पुसला. "आणि पोरीनं विचारलं ना गाडीत. तिला काय सांगणार होतो?"

ताई ब्रेड घेऊन आली आणि म्हणाली, "आज संध्याकाळी तिला सांगायचं. तुम्ही सांगायचं. मराठीत." मग पट्टा लावला. "आणि अहो, मला वाईट कशाचं वाटतंय ते नीट ऐका. आजोबांचं नाही. इतकी वर्षं मी तुमच्याबरोबर राहिले आणि तुम्ही माझ्यासमोरही कांदेपोहेच खात बसलात."

त्या संध्याकाळी दाजींनी भाचीला सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ती मध्येमध्ये जर्मनमध्ये प्रश्न विचारत होती. कावड म्हणजे काय, विहीर घरापासून लांब होती का, आजोबांना काही आवडायचं का खायला. शेवटच्या प्रश्नाला दाजींकडे उत्तर नव्हतं. आजोबांबद्दल त्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे ते कोण होते हे आधी कबूल करायला हवं होतं.

मी एर्लांगेनला परतले. माझ्या खटल्यांतले बरेचसे निकालापर्यंत पोचत नाहीत, मधेच थांबतात. कागद गहाळ झाले असावेत, असं मी प्रबंधाच्या एका प्रकरणात लिहून ठेवलं होतं. ते वाक्य मी काढलं; कागद नव्हे, फिर्यादीच मागे हटले असावेत, असं आता वाटत होतं. त्या जागी काय लिहायचं ते मात्र सुचेना, कारण पुरावा मागितला असता तर माझ्याकडे राटहाउसची एक दुपार तेवढी होती.

हिवाळ्यात पुन्हा गेले तेव्हा ताई आणि मी ट्रामच्या थांब्यावर उभ्या होतो, आणि चिटणीस समोरून आले. टाळता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी टोपी काढली.

"वहिनी, मी त्या दिवशी हॉलमध्ये बोलायला नको होतं."

"मग कचेरीत तुम्हाला वाट दिली होती," ताई म्हणाली. "हिनं दिली होती. का नाही घेतली?"

"घेतली असती तर आजोळ खोटं ठरलं असतं ना," ते म्हणाले. "आता तिथं काही राहिलं नाही. जमिनी गेल्या, घर विकलं. मामा एका खोलीत राहतात. तेवढं एक वाक्य राहिलं होतं माझ्याकडं, की त्या घरी पाणी भरायला माणूस होता."

ट्राम आली. ते आमच्या डब्यात चढले नाहीत, मागच्या डब्याकडे गेले. दाजी आणि ते पुन्हा एकमेकांच्या घरी गेल्याचं मला माहीत नाही. मंडळात समोरासमोर आले की मान हलवतात, एवढं ताई सांगते.

राहिले बाबा. त्यांना आम्ही समेट झाला एवढंच कळवलं होतं. त्याच मुक्कामात एका रविवारी त्यांचा फोन आला, आणि ताईने तो टेबलावर, आवाज मोठा करून ठेवला. दाजी शेजारी बसून मटार सोलत होते.

"माफी मागितली की नाही त्यानं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तो खरं बोलत होता," ताई म्हणाली. "यांचे आजोबा पाणी भरायचे इनामदारांकडं. आडनाव तिथून आलं."

दाजींचे हात थांबले होते. मला वाटलं, फोन कट झाला.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" बाबा शेवटी म्हणाले.

"इथं सगळ्यांना," ताई म्हणाली. "तिथं तुम्ही सांगाल त्यांना."

बाबांनी भाचीच्या परीक्षेची चौकशी केली, थंडी किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. दाजींनी पुढची शेंग उचलली. ताईने त्यांच्यासमोरचा सालांचा ढीग परातीत लोटला आणि त्यांच्या शेजारी बसून तीही सोलू लागली.